दाभोसा, भात आणि मायक्रोवेव्ह

मागच्या नोव्हेंबरात जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याला गेलो होतो. (पाणी कमी असतं, पण गर्दीही नसते!) जेवायला ज्यांच्या घरी थांबलो ते काका अंगणात भाताचा दाणा दाताखाली धरून बघत होते. कट्ट वाजला तर सुकला, दबला तर अजून ऊन हवं.

सरकारी खरेदीत भातात १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. आदल्या वर्षी एका केंद्रावर मीटर १८ च्या वर गेला आणि पोती परत आणावी लागली. गाडीभाडं दोन्हीकडचं अंगावर. "पोतं तेच, पण मीटर दरवेळी वेगळा आकडा दाखवतो," काका म्हणाले.

इंजिनिअरिंगला मायक्रोवेव्हचा पेपर मी कसाबसा काढला होता. घरी येऊन तोच विषय पुन्हा उघडला.

सुरुवात आपल्याकडचीच. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी मिलिमीटर लहरींचे प्रयोग दाखवले. पुढे त्यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे टाइमटेबलच्या पानांत टिनफॉइल घालून पोलरायझर बनवला. (लोकल चुकल्यावर मला हे नेहमी आठवतं.) लहर एखाद्या वस्तूतून गेली की तिचं काय होतं, हा प्रश्न तेव्हाचाच.

धान्यात याचं उत्तर पाण्यामुळे मिळतं. पाण्याचा रेणू लहरीबरोबर वळायला बघतो, त्यात लहरीची ऊर्जा जाते आणि तिचा वेगही कमी होतो. कोरड्या दाण्याचा परिणाम त्यामानाने फार थोडा. मग अडचण कुठे? दाबून भरलेलं कोरडं भात आणि सैल भरलेलं ओलं भात लहरीला सारखंच अडवू शकतं! १९७०च्या दशकात पोलंडच्या आंद्झेय क्राशेव्स्कींनी दोन गोष्टी एकत्र मोजायचा मार्ग धरला: लहर किती क्षीण झाली आणि तिची फेज किती सरकली. घनता दोन्हींवर जवळपास सारखाच परिणाम करते, त्यामुळे गुणोत्तर घेतलं की ती बरीचशी कटते आणि ओलावा उरतो. पुढे अमेरिकेच्या कृषी खात्यात स्टुअर्ट नेल्सन यांच्याबरोबर त्यांनी धान्यावर हेच काम वाढवलं.

मुंबईत १९७७ साली टीआयएफआरमध्ये मायक्रोवेव्हचं एक युनिट निघालं, त्यातूनच १९८४ मध्ये पवईची 'समीर' झाली. तिच्यावरून मी कित्येकदा गेलोय, आत काय चालतं ते कधी विचारलं नाही.

काकांना फोनवर हे सगळं सांगितलं.

"म्हणजे पोतं न उघडता कळतं?"

"कळतं."

"आणि आमच्या केंद्रावर?"

तिथला मीटर मूठभर दाण्यांचा. वाटीत भात कसं भरलं, यावरच त्याचा आकडा हलतो.