धर्माधिकाऱ्यांसाठी प्रार्थना : श्रद्धावंतांचे एक कर्तव्य

पवित्र मिस्साबलिदानाच्या मुख्य प्रार्थनेत धर्मगुरू दोन नावे उच्चारतात : प्रथम पोप महोदयांचे आणि त्यानंतर आपल्या धर्मप्रांताच्या महागुरुस्वामींचे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आठवडाभर पाळ्या करून रविवारी उपासनेस आलेला भाविक ती नावे ऐकतो आणि क्षणात विसरतोही. परंतु ही नावे शिष्टाचार म्हणून घेतली जात नाहीत. पोपपद रिक्त असते तेव्हा पोपचे नाव त्या प्रार्थनेत घेतले जात नाही. दि. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. तेव्हापासून ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले जाईपर्यंत जगभरच्या वेदींवर ती जागा मोकळी होती. त्या मौनामुळे त्या नावाचे महत्त्व अनेकांना जाणवले.

पवित्र शास्त्रातील आधार

प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्राला सांगितले, की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे (लूक २२). पेत्र आपल्याला नाकारणार, हे ठाऊक असतानाच प्रभूने ही प्रार्थना केली. पुढारी निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर तो दुर्बल आहे म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना करावयाची असते, हा यातील बोध आहे.

पुढे हेरोदाने पेत्राला तुरुंगात टाकले, तेव्हा ख्रिस्तसभा त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करीत राहिली. सुटका होताच पेत्र योहान मार्कची आई मरिया हिच्या घरी गेला. तेथे रात्रीच्या वेळीही पुष्कळ जण प्रार्थनेसाठी जमलेले होते (प्रेषितांची कृत्ये १२). संत पौल तर आपल्या पत्रांतून स्वतःसाठी वारंवार प्रार्थना मागतो.

प्रार्थनेचे ऋण

धर्मसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार, प्रत्येक रविवारी व बंधनकारक सणांच्या दिवशी आपल्या ताब्यातील लोकांसाठी मिस्सा अर्पण करणे हे धर्मप्रांताच्या बिशपांचे कर्तव्य आहे (कलम ३८८). धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंवरही तसेच बंधन आहे (कलम ५३४). म्हणजे आपण चर्चमध्ये येवोत वा न येवोत, आपल्यासाठी वेदीवर कोणीतरी उभे असते. आपली प्रार्थना ही त्या ऋणाची अल्पशी परतफेड होय.

पवित्र आठवड्यातील तैलाशीर्वादाच्या मिस्सामध्ये धर्मगुरू आपल्या वचनांचे नूतनीकरण करतात. त्या वेळी बिशप भाविकांना धर्मगुरूंसाठी आणि त्यानंतर स्वतःसाठीही प्रार्थना करण्याची विनंती करतात. दि. १३ मार्च २०१३ रोजी पोप फ्रान्सिस प्रथमच सज्जात आले, तेव्हा लोकांना आशीर्वाद देण्यापूर्वी त्यांनी मस्तक लववून लोकांची प्रार्थना मागितली होती.

आपला धर्मप्रांत

औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून झाली आणि डॉमिनिक आब्रेओ हे पहिले बिशप झाले. मराठवाड्यात दूरवर पसरलेल्या या धर्मप्रांतात धर्मग्रामांमधील अंतरे मोठी आहेत. निदान पाच वर्षांत एकदा तरी संपूर्ण धर्मप्रांताला भेट व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे (कलम ३९६). कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स १६०२ ते १६२२ या काळात जिनिव्हाचे बिशप होते, पण त्यांना स्वतःच्या शहरात राहता आले नाही. ॲनेसी येथे राहून त्यांनी डोंगराळ भागातील धर्मग्रामांच्या भेटी घेतल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचे फादर गुरियन जाकिये यांनी घोगरगाव परिसरात सेवा केली आणि लोकांनी त्यांना ‘गुरियाबाबा’ म्हटले. अशा सेवेमागे एकांत, थकवा आणि निराशाही असते. ती बहुधा कोणाला दिसत नाही.

प्रार्थना आणि जबाबदारी

काही जण म्हणतील, की धर्माधिकाऱ्यांच्या चुकांमुळे मने दुखावली असतील, तर प्रार्थना कशी करावी? प्रार्थना म्हणजे चुकांवर पांघरूण घालणे नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी ७ मे २०१९ रोजी ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ हा आदेश काढून लैंगिक अत्याचाराच्या व ते दडपल्याच्या प्रकरणी बिशपांनाही उत्तरदायी ठरविले. पीडितांना न्याय मिळावा म्हणून बोलणे आणि मेंढपाळासाठी गुडघे टेकणे, ही दोन्ही प्रेमाचीच कृत्ये आहेत. जो प्रार्थना करतो, त्याच्या तक्रारीत द्वेष उरत नाही. आणि जो सत्य बोलतो, त्याची प्रार्थना खुशामत ठरत नाही.

आपण काय करू शकतो?

कुटुंबाच्या सायंप्रार्थनेत जपमाळेचे एक दशक पोप, बिशप व आपल्या धर्मगुरूंसाठी अर्पण करावे. त्यांची नावे मुलांना सांगावीत. त्यांना आरोग्य लाभावेच. परंतु त्याहून अधिक, सत्य ऐकण्याची नम्रता, गरिबांविषयी कळवळा आणि निर्णय घेताना विवेक लाभावा, असे मागावे. आजारी व वृद्ध धर्मगुरूंचे विस्मरण होऊ देऊ नये. उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, म्हणजे १९६४ पासून पाळल्या जाणाऱ्या पाचारणविषयक जागतिक प्रार्थनादिनी, नव्या पाचारणांसाठीही विनवणी करावी.

येत्या रविवारी ती दोन नावे कानी पडतील, तेव्हा क्षणभर थांबून आपणही ती मनात उच्चारू या.