नमुना तोच, गाव मात्र ओसाड

पांडवलेणीला आपण नाशिककर कितीदा तरी जातो. तीन नंबरच्या लेण्यात फोटो काढतो, घाम पुसतो, खाली उतरतो. तिथे व्हरांड्याच्या भिंतीवर, छताजवळ ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. तिकडे मान वर करून फार कुणी बघत नाही. मीही इतकी वर्षं बघितलं नव्हतं.

आधी माझं काम सांगतो, मग भिंतीकडे येऊ. मी सर्व्हर सांभाळतो. समजा २०० सर्व्हर आहेत. प्रत्येकाला सेटिंगची एक फाइल लागते आणि त्या सगळ्या फायली जवळपास सारख्याच असतात. फरक फक्त नाव, पत्ता, मेमरी एवढ्याचा. म्हणून आम्ही एकच साचा लिहितो, त्यात मोकळ्या जागा ठेवतो आणि त्या जागा कशा भरायच्या याची एक छोटी भाषा असते. १९९३ साली ओस्लोमध्ये मार्क बर्गेस यांनी सीएफइंजिन सुरू केलं, २००५ ला पपेट आलं, २०१२ ला अॅन्सिबल. सगळ्यांपुढे प्रश्न तेच: पक्कं काय ठेवायचं, मोकळं काय सोडायचं, आणि मोकळी जागा कुणी भरलीच नाही तर काय करायचं?

आता भिंत. सुमारे १९०० वर्षांपूर्वी गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला आज्ञा पाठवली. पश्चिम कखडी गावातलं २०० निवर्तनं शेत इथल्या भिक्षूंना द्यायचं. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी दखल द्यायची नाही, शिवाय इतर सर्व प्रकारच्या सवलती. हे सगळं नोंदवून घ्या. आज्ञा तोंडी दिली, लिहिली अमात्य शिवगुप्ताने.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षी मावळात कार्ल्याच्या भिक्षूंना करजक गाव दिलं, त्या लेखात सवलतींची हीच यादी आहे. पुढे पुळुमावीच्या २२व्या वर्षी याच लेण्याला गाव दिलं, तिथेही हीच. म्हणजे सातवाहनांच्या दफ्तरात साचा तयार होता! अधिकारी, गाव, क्षेत्र, वर्ष, लिहिणारा या मोकळ्या जागा. सवलतींचा मजकूर पक्का. शेवटी ‘सर्व प्रकारच्या’ असं एक कलम, यादीत काही राहून गेलं तर सांभाळून घेणारं. आणि आकडा आधी शब्दात, मग अंकात, आज आपण चेकवर लिहितो तसाच. ज्याने हे ठरवलं तो माणूस आपल्या धंद्यातला, असं मला वाटून गेलं.

पण मी खरा थांबलो तो पुढच्या लेखापाशी. वर्ष २४. आता अमात्य आहे सामक. राजा आणि राजमाता यांच्या नावाने त्याला कळवलंय की कखडीतलं शेत आम्ही भिक्षूंना दिलं होतं, पण ते कसलं जात नाही आणि गावातही वस्ती नाही. तेव्हा नगराच्या सीमेवर आमचं स्वतःचं जे शेत आहे, त्यातली १०० निवर्तनं द्या. खाली पुन्हा तीच सवलतींची यादी. हा लेख लिहिणारी लोटा नावाची द्वाररक्षिका.

विचार करा. पहिल्या आज्ञेत चूक काय होती? मजकुरात एकही नाही. अधिकारी बरोबर, आकडा बरोबर, सवलती पूर्ण. ज्या शेतात कुणी शिरायचं नाही असं लिहिलं, त्या शेतात खरंच कुणी शिरत नव्हतं, कारण गावच ओसाड होतं.

आमच्या कामात हे रोज होतं. एकदा मी साचा भरताना एक पत्ता टाकायचा विसरलो. त्या साच्याच्या भाषेत न भरलेली जागा गुपचूप कोरी राहायची. फाइल देखणी तयार झाली, सर्व्हर रात्रभर बंद. तेव्हापासून माझा नियम पक्का: जागा भरली नसेल तर यंत्राने अडून बसावं. पण चुकीचं भरलं असेल तर? ते साच्याला कळतच नाही. त्यासाठी प्रत्यक्ष जाऊन बघावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. बर्गेस यांच्या कामाचा गाभा हाच: हवी ती स्थिती लिहून ठेवा, आणि यंत्र खरंच त्या स्थितीत आहे का ते सतत तपासत राहा.

आता आपल्याकडे या. महसुलाच्या भाषेत सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. शब्दच ‘नमुना’! सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक. आमच्या नात्यातल्या एकाची द्राक्षबाग गारपिटीत गेली. उताऱ्यावर आदल्या वर्षीचा कांदा तसाच होता. कागदात खाडाखोड नाही, सही-शिक्का जागेवर. पण भरपाईसाठी त्याला किती खेटे घालावे लागले ते त्यालाच ठाऊक. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवायचं. चांगली गोष्ट आहे, कारण शेतात उभा असलेला माणूसच ती जागा भरतो. पण भरायचं राहिलं, तर उतारा कितीही डिजिटल असो, कखडीच होणार.

सातवाहनांचं मला कौतुक वाटतं ते साच्याचं कमी आणि दुसऱ्या लेखाचं जास्त. सहा वर्षांनी का होईना, राजाने दगडात कोरून मान्य केलं की आम्ही दिलेलं शेत पडीक आहे. जुना लेखही पुसला नाही. दोन्ही लेख आजही एकाच भिंतीवर, एकमेकांना लागून आहेत.

पुढच्या वेळी पांडवलेणी चढाल तेव्हा तीन नंबरला मान जरा वर करा. आणि घरी आल्यावर आपला सातबारा काढून एकदा बांधावर जाऊन ताडून बघा. जुळतोय का?

नसेल जुळत, तर आजच दुरुस्तीला लागा. गारपीट विचारून येत नाही.