शाब्ली : एका नावाची आणि एका भूमीची कहाणी

जगातील बहुतेक गावे राजांमुळे, लढायांमुळे किंवा देवस्थानांमुळे प्रसिद्धीस आली. केवळ आपल्या शेतातल्या पिकामुळे ज्यांचे नाव देशोदेशी गेले, अशी गावे थोडी. फ्रान्समधील शाब्ली हे त्या थोड्या गावांपैकी एक होय. पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे १८० किलोमीटरवर, सरँ नावाच्या लहानशा नदीच्या काठी वसलेल्या या गावाची वस्ती दोन-अडीच हजारांपलीकडे नाही. बर्गंडी प्रांताचा हा उत्तरेकडील तुकडा मूळ बर्गंडीच्या प्रसिद्ध द्राक्षमळ्यांपासून दूर, एकटा पडलेला आहे. येथे शाब्लीच्या नावाने होते ते केवळ पांढरे द्राक्षमद्य, आणि तेही शार्दोने या एकाच जातीच्या द्राक्षांचे.

या गावाच्या इतिहासात एक विलक्षण विसंगती आहे. ज्या काळात शाब्लीचे नाव अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत दुकानांत झळकत होते, नेमक्या त्याच काळात खुद्द शाब्लीच्या टेकड्यांवरील द्राक्षवेली नाहीशा होत चालल्या होत्या. नाव वाढत होते आणि भूमी ओसाड पडत होती. हे कसे घडले व त्यातून तो गाव कसा सावरला, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ मातीपासूनच केला पाहिजे. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशावर उथळ, उबदार समुद्र पसरलेला होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ आणि असंख्य बारीक शिंपले यांचे थर कालांतराने चुनखडी आणि चिकणमातीच्या रूपाने वर आले. आजही शाब्लीच्या उतारावरील दगड फोडला, तर त्यात नखाएवढ्या, स्वल्पविरामाच्या आकाराच्या कालवांचे अवशेष दिसतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किमरिज नावाच्या खेड्यात या थरांचा प्रथम अभ्यास झाला. म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना किमरिजियन म्हणतात. हाच पट्टा पुढे साँसेर येथे आणि शँपेनच्या दक्षिण भागातही डोके वर काढतो. शाब्लीचे द्राक्षमद्य कालवांबरोबर पिण्याची युरोपात जुनी रीत आहे. ज्या जमिनीत कालवेच दगड होऊन पडली आहेत, तेथील पेयाची जोडी कालवांशीच जमावी, हा योगायोग मोठा गमतीचा खरा.

मातीने जे दिले, ते हवामानाने नेहमीच अर्धे परत मागितले. शाब्ली पुष्कळ उत्तरेस असल्यामुळे द्राक्षे कष्टाने पिकतात; त्यामुळेच त्यांच्यात आंबटपणाची धार राहते आणि तीच या मद्याची ओळख आहे. परंतु वसंतात, एप्रिलच्या सुमारास वेलींचे डोळे फुटले की खरे संकट सुरू होते. निरभ्र रात्री गार हवा टेकड्यांवरून उतरून दरीत साठते आणि पहाटेपूर्वी कोवळे कोंब गोठून काळे पडतात. हे भय मेच्या मध्यापर्यंत सरत नाही. ११, १२ व १३ मे या दिवशी येणाऱ्या संत मामेर, संत पांक्रास व संत सेर्व्हे यांच्या सणांना तिकडचे शेतकरी ‘बर्फाचे संत’ म्हणतात. ते तिघे पार पडल्यावाचून वर्षाचे पीक हाती आले असे कोणी मानीत नाही.

अशा अवघड जागी द्राक्षशेती रुजविण्याचे श्रेय मुख्यतः मठवासी साधूंकडे जाते. नवव्या शतकात नॉर्समन लोकांच्या स्वाऱ्यांनी ल्वार नदीचा प्रदेश उद्ध्वस्त केला, तेव्हा तूर येथील संत मार्टिनच्या मठातील साधू आपल्या संताचे पवित्र अवशेष घेऊन पूर्वेकडे निघाले. ८६७ साली राजा चार्ल्स, ज्याला इतिहास ‘टकल्या चार्ल्स’ या नावाने ओळखतो, त्याने त्यांना शाब्ली येथील मठ दिला. पुढे १११४ मध्ये, शाब्लीपासून काही मैलांवर, पाँतिन्यी येथे सिस्टर्शियन संघाच्या साधूंनी मठ स्थापिला. स्वतःच्या हातांनी शेत कसणे हा त्यांच्या नियमाचाच भाग होता. त्यांनी शाब्लीत द्राक्षमळे मिळविले आणि गावात तळघरे बांधली. मिस्सासाठी द्राक्षारस हवा, पाहुण्यांच्या सत्कारासाठी हवा आणि मठाच्या खर्चासाठी विकण्यासही हवा, अशी ही तिहेरी गरज होती. इंग्लंडच्या राजाशी वैर आलेले कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट ११६४ ते ११६६ या काळात याच पाँतिन्यीच्या मठात आश्रयास होते.

शार्दोनेची वेल या भागात सिस्टर्शियन साधूंनीच आणली असे परंपरा सांगते. स्थानिक लोक तिला ‘बोनवा’, म्हणजे बोन शहराकडची, असे म्हणत; यावरून ती दक्षिण बर्गंडीतून आली असावी असे दिसते. या वेलीच्या कुळाविषयी १९९९ साली शास्त्रज्ञांनी एक मनोरंजक शोध लावला. शार्दोनेच्या आईबापांपैकी एक जात उच्चकुलीन पिनो होती, तर दुसरी गूए नावाची, केवळ गोरगरिबांच्या मळ्यांत वाढणारी व पुढे सर्वांनी हेटाळलेली जात होती. जगातील अत्यंत मानाच्या पांढऱ्या द्राक्षाचा अर्धा वारसा असा तुच्छ मानलेल्या घराण्यातून आला आहे.

साधूंनी पीक उभे केले आणि नदीने त्याला बाजारपेठ दिली. शाब्लीहून पिंपे गाड्यांवर लादून वीसेक किलोमीटरवरील ओसेरच्या बंदराला नेत. तेथून ती योन नदीतून सेन नदीत आणि सेनमधून थेट पॅरिसच्या धक्क्याला लागत. रेल्वे येण्यापूर्वीच्या काळात जलमार्ग हीच खरी संपत्ती होती. या समृद्धीला धक्केही बसले. धर्मयुद्धांच्या धुमाळीत १५६८ च्या फेब्रुवारीत ह्यूगनॉट सैन्याने शाब्ली लुटले आणि त्याचा मोठा भाग जाळला. पुढे १७८९ ची राज्यक्रांती झाली. चर्चच्या जमिनी राष्ट्राच्या ठरविण्यात आल्या आणि लिलावाने विकल्या गेल्या. नऊशेहून अधिक वर्षे मठांच्या छायेत वाढलेले मळे अशा रीतीने लहान-मोठ्या गृहस्थांच्या हाती आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शाब्लीचे भाग्य शिखरावर होते. ज्या योन जिल्ह्यात ते गाव येते, त्या एका जिल्ह्यात त्या वेळी चाळीस हजार हेक्टरांच्या घरात द्राक्षमळे होते. शाब्लीची कीर्ती रशियापर्यंत पोहोचली होती. १८७५ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या तॉलस्तॉयच्या ‘आना कॅरेनिना’ या कादंबरीत मॉस्कोच्या एका उपाहारगृहातील भोजनप्रसंगी शाब्लीच मागविली जाते. लेखकाने केवळ नाव घ्यावे आणि वाचकाला त्या पेयाची प्रतिष्ठा कळावी, इतके ते नाव परिचित झाले होते.

याच सुमारास संकटे एकामागून एक चालून आली. प्रथम भुरी आली, मागाहून केवडा आला. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदारांना या दोन्ही रोगांची ओळख करून देण्याचे कारण नाही. त्यावर गंधक व मोरचूद यांचे उपाय सापडतात न सापडतात तोच फिलॉक्झेरा हा अमेरिकेतून आलेला सूक्ष्म कीटक १८८० च्या दशकाच्या अखेरीस शाब्लीत पोहोचला. तो वेलीची मुळेच पोखरतो. अखेरीस अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करण्याचा मार्ग निघाला. परंतु सगळा मळा उपटून पुन्हा लावण्याचा खर्च कित्येकांना झेपणारा नव्हता. त्यातच रेल्वेने घाव घातला. पॅरिसहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग झाला, तो शाब्लीला बाजूला टाकून. आणि त्याच मार्गाने भूमध्य समुद्राकाठचे स्वस्त मद्य राजधानीत ओतू लागले. ज्या भौगोलिक सोयीवर शाब्ली शतकानुशतके जगली, तीच सोय एका पिढीत निरर्थक ठरली.

पहिल्या महायुद्धाने तरुण माणसे नेली. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये, गावावर बाँबवर्षाव झाला. १९४५ च्या वसंतात पडलेल्या दहिवराने संपूर्ण पीक मारले. १९५० च्या दशकात शाब्लीचे द्राक्षक्षेत्र अवघ्या पाचशे हेक्टरांच्या आसपास उरले होते. नामांकित उतारांवर झुडपे माजली होती आणि शेतकरी धान्य व गुरे यांवर पोट भरीत होते.

मात्र शाब्ली या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांना याच वेळी सुमार राहिला नव्हता. कॅलिफोर्नियात कोणत्याही द्राक्षांपासून केलेले, कसलेही साधे पांढरे मद्य ‘शाब्ली’ म्हणून मोठमोठ्या बरण्यांत विकले जाई. पुढे तर तेथे ‘गुलाबी शाब्ली’सुद्धा निघाली. ऑस्ट्रेलियातही तोच प्रकार होता. ज्यांनी सरँ नदी पाहिली नव्हती व शार्दोनेची वेल लावली नव्हती, ते नफा मिळवीत होते. आणि ज्यांच्या वाडवडिलांनी ते नाव कमावले, ते मळे सोडून चालले होते.

या अन्यायावर फ्रान्सने शोधलेला उपाय कायद्याचा होता. गावाचे नाव ही तेथील सर्वांची सामाईक मिळकत आहे, ती एकट्यादुकट्याने वापरून संपवावयाची नाही, हे त्यामागील तत्त्व. १९१९ च्या कायद्याने उगमस्थानाच्या नावास संरक्षण दिले; १९३५ च्या कायद्याने प्रत्येक नावासाठी सीमा, द्राक्षाची जात व उत्पादनाची मर्यादा ठरविण्याची व्यवस्था केली; आणि १३ जानेवारी १९३८ रोजी शाब्लीला तो मान मिळाला. उतारांची प्रतवारीही लागली. सरँच्या उजव्या तीरावर, नैर्ऋत्येकडे तोंड करून असलेल्या एका टेकडीवरील ब्लांशो, ले क्लो, वाल्मूर, ग्रनूई, व्होदेझीर, प्रूझ व बूग्रो हे सात मळे सर्वश्रेष्ठ ठरले. साती मळे मिळून क्षेत्र जेमतेम शंभर हेक्टर.

पण कागदावरील हक्काने दहिवर थांबत नाही. ते काम करावे लागले शेतकऱ्यांनाच. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मळ्यांतून तेलाच्या शेगड्या मांडून रात्रभर पेटत्या ठेवण्यात येऊ लागल्या. त्यानंतर तुषारसिंचनाची युक्ती आली. तीत तत्त्व असे, की पाणी गोठताना थोडी उष्णता बाहेर टाकते. थंडीच्या रात्री वेलीवर सतत पाणी फवारले की कोंबाभोवती बर्फाचे कवच बनते आणि आतील कोंब शून्य अंशाच्या जवळपास सुखरूप राहतो. अट एवढीच, की सूर्य वर येईपर्यंत फवारा क्षणभरही थांबता कामा नये. थांबला तर तेच बर्फ घात करते. या उपायांनी पिकाची थोडी शाश्वती आली आणि सोडून दिलेल्या उतारांवर तरुण पुन्हा वेली लावू लागले.

भरभराट परतली, तिने नवा वादही आणला. केवळ किमरिजियन मातीवरील मळ्यांनाच शाब्ली म्हणावे, असा एका पक्षाचा आग्रह होता. चढण आणि ऊनही तितकेच महत्त्वाचे असल्यामुळे शेजारच्या वेगळ्या थरांवरील जमिनीही घ्याव्यात, असे दुसरा पक्ष म्हणे. १९७० च्या दशकात नियम काहीसे सैल झाले आणि क्षेत्र झपाट्याने वाढले. आज ते साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक आहे. नाव राखावयाचे म्हणजे कुंपण कोठे घालावयाचे, हा प्रश्न परक्यांशी भांडताना सोपा वाटतो. घरात आला की कठीण होतो.

परदेशांशी चाललेला झगडा अंशतः सुटला. ऑस्ट्रेलियाने युरोपीय संघाशी केलेल्या करारान्वये तेथील उत्पादकांनी २०११ पर्यंत शाब्ली हे नाव सोडले. अमेरिकेशी २००६ मध्ये झालेल्या करारात नव्या उत्पादकांना मनाई झाली, परंतु आधीपासून ते नाव वापरणाऱ्यांना मुभा राहिली. जे फ्रान्समध्ये घडले, त्याच तत्त्वाचा स्वीकार भारताने १९९९ च्या भौगोलिक चिन्हांकन कायद्याने केला. त्यान्वये २००९ मध्ये गोव्याच्या फेणीला संरक्षण मिळाले. त्यामुळे काजूच्या हंगामात गोव्यातील बोंडू मळणाऱ्या माणसाचा आणि शाब्लीच्या वेलकऱ्याचा हक्क एकाच विचारावर उभा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

दहिवर मात्र करार जाणत नाही. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर जी थंडी पडली, त्या रात्री शाब्लीच्या उतारांवर ओळीने हजारो मेणाच्या मशाली पेटविलेल्या होत्या. तरीही पुष्कळांचे पीक गेले. हिवाळे सौम्य होत असल्याने कोंब आता लवकर फुटतात आणि दहिवराच्या तोंडी सापडतात, ही नवी चिंता आहे. सकाळी मशाली विझल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी प्रत्येक वेलीजवळ वाकून पाहिले, की कोणता डोळा जगला आणि कोणता गेला. साडेअकराशे वर्षांपूर्वी साधूंनी जे काम हाती घेतले, ते आजही याच रीतीने, ओणव्याने, एकेका वेलीपाशी करावे लागते. बाटलीवरील नावाला किंमत आहे ती या श्रमामुळे. आणि ज्या दिवशी कोणी वाकून पाहणारा उरणार नाही, त्या दिवशी कायद्याने राखलेले नावही नुसते अक्षर होईल.