परावर्तन-माहिती, स्फटिकविज्ञानातील
स्फटिकावर क्ष-किरणांचा किंवा न्यूट्रॉनांचा झोत टाकला असता ठराविक दिशांना जे विवर्तित किरण मिळतात, त्यांस परावर्तने म्हणतात. प्रत्येक परावर्तनाचे तीन निर्देशांक, त्याची मोजलेली तीव्रता व त्या मापनातील अनिश्चितता यांच्या नोंदींचा संच म्हणजे परावर्तन-माहिती होय. अणूंची मांडणी दर्शविणारी आकृती हे अनुमान असते, तर परावर्तनांची सूची हे निरीक्षण असते. त्यामुळे अनुमान तपासून पाहावयाचे झाल्यास सूची शाबूत असावी लागते. ही सूची कशी जतन केली गेली, याचा इतिहास म्हणजे एका अर्थी या शास्त्राच्या विश्वासार्हतेचाच इतिहास आहे.

आरंभीच्या पद्धती : माक्स फोन लौए यांच्या सूचनेवरून 1912 मध्ये स्फटिकाकडून होणारे क्ष-किरणांचे विवर्तन प्रथम दिसून आले. 1913 पासून ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून स्फटिकांच्या रचना निश्चित करण्यास सुरुवात केली. पुढे छायाचित्रण-पट्टीवरील ठिपक्यांचा काळेपणा प्रमाणपट्टीशी डोळ्यांनी ताडून तीव्रता ठरवीत आणि आकडे वहीत उतरवून घेत. मायोग्लोबिन या प्रथिनाच्या अभ्यासात जॉन केंड्र्यू यांना 6 अँगस्ट्रॉम विभेदनासाठी सु. 400, तर 2 अँगस्ट्रॉम विभेदनासाठी सु. 9,600 परावर्तने विचारात घ्यावी लागली. एवढ्या आकड्यांचे गणित हाताने होण्यासारखे नव्हते, म्हणून केंब्रिज येथील एडसॅक या संगणकाची मदत घेण्यात आली.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईजवळील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे 1960 मध्ये सायरस ही अणुभट्टी कार्यान्वित झाल्यावर तेथे न्यूट्रॉन विवर्तनाच्या संशोधनास चालना मिळाली. राजगोपाल चिदंबरम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ॲमिनो अम्लांच्या स्फटिकांचा या पद्धतीने अभ्यास केला. क्ष-किरणांना हायड्रोजन अणू जेमतेम जाणवतो. न्यूट्रॉनांना तो स्पष्ट जाणवत असल्याने हायड्रोजन बंधांची लांबी व कोन अचूकपणे काढता आले. न्यूट्रॉनांचा झोत क्षीण असल्याने स्फटिक मोठा घ्यावा लागे व प्रत्येक परावर्तनास दीर्घ काळ द्यावा लागे. सायरस 2010 अखेर कायमची बंद करण्यात आली. त्या यंत्रावरील मापने पुन्हा घेणे आता शक्य नाही. अशा कामाचा आधार म्हणून त्या वेळच्या नोंदीच काय त्या उरतात.

संगणकीय साठवण : जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स हा कार्यक्रमसंच 1976 पासून जगभर पसरला. त्याच्या प्रचलित परावर्तन-धारिकेत प्रत्येक परावर्तनास एक ओळ असते. तीन निर्देशांकांसाठी प्रत्येकी 4, तीव्रता व अनिश्चितता यांसाठी प्रत्येकी 8 आणि गटक्रमांकासाठी 4 अक्षरांची जागा असते. तिन्ही निर्देशांक शून्य असलेली ओळ ही समाप्तीची खूण होय. छिद्रित पत्रांच्या काळातील ही आखीव मांडणी सुटसुटीत खरी, पण ती मुकी आहे. आकडा परमप्रसराचा (तरंगाच्या कमाल विस्थापनाचा) की त्याच्या वर्गाचा, हे त्या धारिकेत नसून वेगळ्या आज्ञा-धारिकेत लिहिलेले असते. दोन्ही धारिकांची ताटातूट झाली, की आकड्यांचा अर्थ संदिग्ध होतो.

प्रथिनांच्या अभ्यासासाठी ब्रिटनमध्ये 1979 मध्ये सुरू झालेल्या सीसीपी-4 या सहकारी प्रकल्पात एमटीझेड ही द्विमान धारिका रूढ झाली. तीत प्रत्येक स्तंभास नाव व प्रकार असतो. एकक कोशिकेची मापे व सममिती त्याच धारिकेत नोंदवितात. न मोजलेल्या परावर्तनास शून्य न लिहिता वेगळी खूण करतात, कारण ‘तीव्रता नाही’ आणि ‘मापन नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. 1991 मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकविज्ञान संघाने सीआयएफ ही साधी, वाचनीय मजकूर-धारिका स्वीकारली. तीत प्रत्येक आकड्यास ठरलेले नाव दिलेले असते.

सादरीकरण : वापरणाऱ्यासमोर सहसा कच्ची सूची येत नाही. विभेदनानुसार पाडलेले गट, मापनाची परिपूर्णता व सुसंगती दाखविणारी कोष्टके, व्यस्त जालकाच्या थरांची चित्रे आणि शेवटी इलेक्ट्रॉन-घनतेचे नकाशे अशा रूपांत ती दिसते. नकाशा देखणा असला तरी त्यात कलांचे (तरंगांच्या अवस्थांचे) अनुमान मिसळलेले असते, हे विसरून चालत नाही.

चुका व त्यांचा शोध : एमएसबीए या प्रथिनाची 2001 मध्ये प्रसिद्ध झालेली रचना 2006 मध्ये मागे घ्यावी लागली. प्रयोगशाळेतच लिहिलेल्या एका कार्यक्रमात दोन स्तंभांची अदलाबदल झाल्याने असंगत विवर्तनातील फरकांचे चिन्ह उलटले होते. त्यावर आधारलेले एकूण पाच निबंध रद्द झाले. याउलट, ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका या नियतकालिकाच्या ‘ई’ विभागातील किमान 70 रचना बनावट असल्याचे 2010 च्या आरंभी जाहीर झाले. एकच परावर्तन-सूची घेऊन व अणू बदलून निरनिराळी संयुगे दाखविली गेली होती. लेखांसोबत सूची जमा होत असल्यामुळेच ही लबाडी पकडता आली.

सद्यस्थिती : प्रथिन माहिती पेढीने 1 फेब्रुवारी 2008 पासून रचनेसोबत परावर्तन-माहिती देणे सक्तीचे केले. शेलएक्सच्या अलीकडील आवृत्त्या परावर्तन-सूची सीआयएफ धारिकेतच समाविष्ट करतात. सूची तयार होण्यापूर्वीच्या मूळ प्रतिमाही जपाव्यात, असा आग्रह आता वाढत आहे. साठवणीची साधने बदलली, तरी निरीक्षण व अनुमान वेगवेगळे ओळखता यावे ही गरज मात्र कायम आहे.