दौऱ्यातला आवाज, तबकडीतला आवाज

माझ्याकडे एक जुनी कॅसेट आहे. १९९५ च्या हिवाळ्यातली. आम्ही चार-पाच कवी तेव्हा एसटीने मराठवाड्यातली गावे फिरत होतो. रोज नवे गाव, रोज रात्री कविसंमेलन आणि पहाटे पुन्हा स्टँडवर. सहाव्या रात्री कुणीतरी माझे कवितावाचन टेप केले. घरी येऊन ऐकले तर आवाज बसलेला, ओळीच्या शेवटी श्वास तुटलेला, आणि जिथे हळू म्हणायचे तिथे नुसती हवा. मी ती कॅसेट पुसून टाकणार होतो. अब्बांनी ती हातातून काढून घेतली. म्हणाले, “राहू दे रे. यात तू कुठून कुठे गेला होतास ते ऐकू येतंय.”

अब्बांचे ते वाक्य मला पुढे एका परक्या देशातल्या गायकाचे ध्वनिमुद्रण ऐकताना आठवले. आज त्याच ध्वनिमुद्रणाविषयी बोलायचे आहे.

गायकाचे नाव मारिओ लान्झा. जन्म ३१ जानेवारी १९२१, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात, इटलीहून आलेल्या कुटुंबात. खरे नाव आल्फ्रेड आर्नोल्ड कोकोझा. आईचे माहेरचे नाव मारिया लान्झा होते. त्याचेच पुरुषी रूप त्याने गाण्यासाठी घेतले. ज्याला तो मनोमन गुरू मानत असे तो थोर इटालियन गायक एन्रिको कारुसो १९२१ मध्येच, ऑगस्टमध्ये वारला. लान्झाच्या चाहत्यांना या योगायोगाचे फार अप्रूप.

लान्झा ऑपेराच्या रंगमंचावर फारसा उभा राहिलाच नाही. १९४८ मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’चे दोन प्रयोग त्याने केले. व्यावसायिक ऑपेरातली त्याची कारकीर्द एवढीच. तो मोठा झाला सिनेमाने. एमजीएम कंपनीने त्याला घेतले. १९५० च्या चित्रपटातले ‘बी माय लव्ह’ हे त्याचे गाणे दहा लाखांवर खपले, आणि १९५१ मध्ये ‘द ग्रेट कारुसो’ या चित्रपटात तो साक्षात कारुसोच्या भूमिकेत दिसला. ज्यांनी आयुष्यात ऑपेरा पाहिला नव्हता त्यांच्या घरात ऑपेराची गाणी पोचली ती लान्झामुळे. आपल्याकडे नाट्यसंगीताने रागदारी जशी माजघरापर्यंत नेली, तसेच काहीसे हे काम. आणि नाट्यगीत गाणाऱ्यांकडे काही बुजुर्ग ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने ऑपेरावाले लान्झाकडे पाहत. सिनेमाचा गवई! स्टुडिओत काय कुणीही गाईल!

हा टोमणा त्याला फार लागत असे. त्याला कारणही घडले. सप्टेंबर १९५४ मध्ये अमेरिकेच्या दूरदर्शनवर तो बऱ्याच काळाने दिसला, पण गायला नाही. आपल्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवर त्याने नुसते ओठ हलवले. हे उघड झाले आणि गदारोळ उठला. लान्झाचा आवाज गेला, असे लोक म्हणू लागले. पुढच्याच महिन्यात त्याच कार्यक्रमात त्याला प्रत्यक्ष गाऊन दाखवावे लागले. त्याच वर्षी आणखी एक विचित्र गोष्ट घडली. ‘द स्टुडंट प्रिन्स’ या चित्रपटाच्या वेळी त्याचे कंपनीशी आधीच बिनसले होते. पडद्यावर नायक म्हणून दुसराच नट उभा राहिला आणि गाणी मात्र आधीच मुद्रित झालेल्या लान्झाच्या आवाजात वाजली. म्हणजे एकीकडे शरीर होते पण आवाज जुना, दुसरीकडे आवाज होता पण शरीर परक्याचे. १९५५ मध्ये लास व्हेगासच्या एका नव्या हॉटेलात त्याचा मोठ्या रकमेचा करार झाला. उद्घाटनाच्या रात्री तो रंगमंचावर आलाच नाही. वजन, दारू, रक्तदाब आणि स्टेजची धास्ती या सगळ्यांनी त्याला घेरले होते.

आता त्याच्या तरुणपणाचा एक आकडा सांगतो. १९४७-४८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, त्याने दोन गायकांसोबत त्रिकूट बांधून अमेरिका आणि कॅनडात ऐंशीहून जास्त कार्यक्रम केले होते. जॉर्ज लंडन आणि फ्रान्सिस यीन्ड हे ते दोघे. हा आकडा मोठा आहे. पण ते तिघे होते हे विसरू नये. एक गात असताना दोघांचे गळे विसावतात. शिवाय वय पंचविशीतले. त्या वयात बसच्या बाकावर झोप लागते आणि सकाळी आवाज पुन्हा ताजा असतो. मीही त्या वयात हेच गृहीत धरले होते.

१९५७ मध्ये लान्झा बायको-मुलांसह रोमला राहायला गेला. त्या नोव्हेंबरात लंडनच्या पॅलेडियम थिएटरात ब्रिटनच्या राणीसमोर गायला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. लगेच युरोपचा दौरा ठरला. आता तो एकटा होता. साथीला फक्त पियानो, आणि पियानोवर त्याचा जुना साथीदार कॉन्स्टन्टाईन कॅलिनिकोस. १९५१ नंतर त्याने असा मोठा दौरा केलाच नव्हता. मधल्या सहा-सात वर्षांत गळा स्टुडिओच्या सवयीचा झाला होता. नाही जमले तर पुन्हा घ्या, बरे जमले ते ठेवा.

४ जानेवारी १९५८ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातून दौरा सुरू झाला. बाराच दिवसांनी, गुरुवारी १६ जानेवारीला, लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीने तो मुद्रित केला. तीच ही तबकडी.

आल्बर्ट हॉल म्हणजे १८७१ मध्ये उघडलेली, वर घुमट असलेली प्रचंड लंबगोल वास्तू. हजारो माणसे बसतात. तिथला प्रतिध्वनी बदनाम होता. ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना हमखास दोनदा ऐकू येईल अशी हीच एक जागा, असा विनोद सांगत. छताला मोठमोठ्या तबकड्या टांगून तो प्रतिध्वनी आटोक्यात आणला गेला तो १९६९ मध्ये, म्हणजे लान्झाच्या नंतर. अशा जागी वाद्यवृंद असला तर गायकाला आडोसा मिळतो. एकट्या पियानोत आडोसा नसतो. प्रत्येक श्वास उघडा.

आणि गायक आजारी होता. पायाच्या शिरांना सूज आणि दाह येण्याचा, रक्त साकळण्याचा विकार त्याला होता. त्यात रक्तदाब. आता कुणी विचारेल, पाय दुखला तर गळ्याचे काय बिघडते? कोणत्याही जाणत्या गवयाला विचारा. लांब श्वास गळ्यात नसतो, तो बरगड्यांत, पोटात, कमरेत पेलला जातो, आणि त्या सगळ्याचा भार पायांवर असतो. पाश्चात्त्य पद्धतीत तर गायक उभ्यानेच गातो. एक पाय वाचवून उभ्या असलेल्या माणसाचा श्वास आखूड होतो. मग जे काम श्वासाने करायचे ते गळा करू लागतो आणि लवकर दमतो.

गळा दमतो म्हणजे काय होते? स्वरतंतू म्हणजे दोन नाजूक पडद्या. टेनर गायक वरचा ‘सी’ लावतो तेव्हा त्या सेकंदाला पाचशेहून जास्त वेळा एकमेकींवर आपटतात. रोजचे गाणे, जागरण, गाडीतला प्रवास, थंडीतली कोरडी हवा, हॉटेलच्या खोलीतली शेगडी, मद्य, यांनी त्या कोरड्या पडतात, सुजतात. गंमत अशी, की अशा वेळी मोठ्याने लावलेला उंच स्वर बऱ्याचदा निघतो. जोर लावला की सूज झाकली जाते. आधी हातचा जातो तो हळू लावलेला उंच स्वर. सुजलेल्या पडद्या हलक्या श्वासावर जुळत नाहीत, मधून हवा निसटते. म्हणून दमलेला गायक हळूच्या जागा टाळतो आणि मोठ्याने गाऊ लागतो. श्रोत्यांना वाटते, आज काय जोरात लागलाय!

ही तबकडी ऐकायची ती एवढे लक्षात ठेवून. त्या रात्रीच्या यादीत तुरुंगात पहाटेची वाट पाहणाऱ्या ‘तोस्का’मधल्या कैद्याचे गाणे आहे, चिलेआच्या ‘आर्लेसियाना’मधला विलाप आहे, मोंतेव्हेर्दीचे सतराव्या शतकातले विलापगीत आहे, नेपल्सची गाणी आहेत आणि सिनेमातली लाडकी गाणीही आहेत. १९५० चा लान्झा आणि हा लान्झा एकापाठोपाठ ऐकले की मला पहिला फरक जाणवतो तो रंगाचा. आवाज गडद, जड झाला आहे. आठ वर्षांनी वय वाढते त्यापेक्षा जास्त वाढलेला. मोठे स्वर भरदार आहेत, अंगावर येणारे आहेत. हळूच्या जागी मात्र मला एक काळजी ऐकू येते. बर्फावर पाय टाकणाऱ्या माणसाची असते तशी. आणि तरीही तो त्या जागा सोडून देत नाही, हे मला विशेष वाटते.

इथे मी स्वतःलाच थोडा थांबवतो. आजारी कलावंताचा थकवा म्हणजे सौंदर्य, असे म्हणायची आपल्याला वाईट खोड आहे. थकव्यात सौंदर्य काही नसते, त्रास असतो. दुसरी एक गोष्टही विसरू नये. १६ जानेवारी हा दौऱ्याचा शेवट नव्हे, जवळजवळ सुरुवात आहे. म्हणजे या तबकडीत आपण ऐकतो तो बरा दिवस. पुढे पायाचा विकार वाढला. कार्यक्रम रद्द होऊ लागले. तिकिटे काढून बसलेले लोक चिडले. ज्याला लास व्हेगासपासून ‘न येणारा गायक’ म्हणून शिक्का बसला होता, त्याच्या आजारपणावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तो शक्य तिथे गात राहिला. १३ एप्रिल १९५८ रोजी जर्मनीतल्या कील शहरात तो गायला. तो त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला. त्यानंतर चित्रपट झाला, स्टुडिओतली ध्वनिमुद्रणे झाली, पण लोकांसमोर उभे राहणे नाही. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी रोममधल्या एका दवाखान्यात तो वारला. वय अडतीस.

त्याने हे का केले, हा प्रश्न मला सोडत नाही. पैसा हवा होता, हे खरे असेल. पण ज्याच्यावर ओठ हलवल्याचा आरोप झाला त्याला कधी तरी एक साक्षीदार हवा असतो. हजारो माणसे, एक पियानो आणि चालू असलेले यंत्र यांच्यापेक्षा चांगला साक्षीदार कोणता? स्टुडिओतल्या टेपचे तुकडे जोडता येतात. त्या रात्री तशी सोय नव्हती. आवाज आणि शरीर, जी दोन माणसे १९५४ मध्ये वेगळी झाली होती, ती इथे पुन्हा एका जागी आली. साक्ष त्याच्या बाजूने पडली. तिची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागली.

या गोष्टीला एक धागा पुढेही आहे. बार्सिलोनातल्या एका लहान मुलाने ‘द ग्रेट कारुसो’ पाहिला आणि गायक व्हायचे ठरवले. तो होझे कारेरास. १९८७ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाला. त्यातून उठून १९९० मध्ये रोमच्या प्राचीन स्नानगृहांच्या भग्नावशेषात तो पावारोत्ती आणि दोमिंगो यांच्यासोबत गायला. ते ‘थ्री टेनर्स’चे ध्वनिमुद्रण जगभर गाजले. पुन्हा तिघे, पाहा. भार वाटून घेतलेला. आणि १९९४ मध्ये त्याच कारेरासने त्याच आल्बर्ट हॉलमध्ये लान्झाच्या स्मरणार्थ मैफल केली.

आपल्याकडेही ‘लाइव्ह’ मैफलींच्या तबकड्या, कॅसेटी खूप निघाल्या. त्या ऐकताना ‘आज आवाज लागला नाही’ असे आपण चटकन म्हणून टाकतो. माझी विनंती एवढीच, की आधी वेष्टनावरची तारीख पाहावी, गाव पाहावे. त्याच्या आधीच्या आठवड्यात तो गायक कुठे कुठे होता, याचा थोडा विचार करावा. आणि कधी एखाद्याने आजारपणामुळे कार्यक्रम रद्द केला, तर खुर्च्या वाजवण्याआधी लान्झा आठवावा.

अब्बा जाऊन आता बरीच वर्षे झाली. ती कॅसेट अजून आहे. मध्यंतरी मुलाने ती संगणकात उतरवून घ्यायचे ठरवले आणि विचारले, “आवाज जरा स्वच्छ करून घेऊ का?” मी म्हणालो, राहू दे. फक्त वर गावाचे नाव आणि तारीख लिही, आणि हेही लिही की ती सहावी रात्र होती.