आले, सुंठ आणि गर्भिणी : किल्लारी परिसराच्या निमित्ताने एक टिपण

औसा तालुक्यातील किल्लारी हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मराठी, कन्नड, तेलुगू व दखनी या चार भाषा त्या राज्यात परस्परांच्या सान्निध्यात नांदल्या. गर्भिणीने आले खावे की नाही, हा प्रश्न वरकरणी केवळ वैद्यकाचा वाटतो. परंतु अशा बहुभाषिक मुलखात तो शब्दांच्या इतिहासाशीही निगडित आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मराठीत ओल्या कंदास 'आले' व वाळविलेल्या कंदास 'सुंठ' म्हणतात. पहिला शब्द संस्कृत 'आर्द्रक' यापासून प्राकृतावाटे आला, तर दुसरा 'शुण्ठी' यापासून. तेलुगूत 'अल्लम्' व 'शोंठि', दखनीत 'अद्रक' व 'सोंठ' असा हाच भेद आढळतो. कन्नडात मात्र दोहोंस 'शुंठि' हेच नाव असून 'हसि' म्हणजे ओली व 'ओण' म्हणजे वाळलेली, अशा विशेषणांनी फरक दर्शविला जातो. विशेषण गळाले की फरकही गळतो.

हा भेद नुसता नावाचा नाही. ओल्या आल्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते. वाळविताना ते तर जातेच, शिवाय जिंजेरॉल या द्रव्याचा काही अंश अधिक तिखट अशा शोगाओलात रूपांतरित होतो. म्हणून चिमूटभर सुंठ आणि तेवढेच आले यांस समान लेखता येत नाही.

परंपरेने या पदार्थास काळाची मर्यादा घातली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अतिउष्ण व अतितीक्ष्ण पदार्थ गर्भास अपायकारक मानले आहेत. उलट बाळंतिणीच्या आहारात सुंठीस मानाचे स्थान आहे. रामनवमीस व गोकुळाष्टमीस जन्मसोहळा झाल्यावर सुंठवडा वाटतात, तो याच आचाराचा अवशेष म्हणावा लागेल.

आधुनिक संशोधनाने काळापेक्षा मात्रेकडे लक्ष दिले. डेन्मार्कमध्ये १९९१ साली आणि थायलंडमध्ये २००१ साली झालेल्या चाचण्यांत गर्भिणींना दिवसाकाठी १ ग्रॅम सुंठपूड दिली असता मळमळ कमी झाल्याचे दिसले. नॉर्वेतील २०१३ च्या अभ्यासात ६८,५२२ स्त्रियांपैकी आले घेणाऱ्या १,०२० जणींत जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मात्र सतराव्या आठवड्यानंतर रक्तस्रावाची नोंद त्यांच्यात अधिक होती. तेव्हा स्वयंपाकातील आल्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु औषध म्हणून सुंठ घेताना, विशेषतः रक्तस्रावाचा त्रास असल्यास, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास वा प्रसूती जवळ आली असल्यास, वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. पाणीही न ठरणारी ओकारी हा तर घरगुती उपायांचा विषयच नव्हे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरातील हजारो माणसे मृत्युमुखी पडली व गावे नव्या जागी वसली. वडीलधाऱ्या बायका जे ज्ञान तोंडी सांगत, ते त्यांच्याबरोबरच जाते. अशा वेळी 'उष्ण आहे, खाऊ नये' एवढा निषेध शिल्लक राहतो. कोणता पदार्थ, किती आणि केव्हा, हा तपशील हरवतो. म्हणून सल्ला देणाऱ्याने प्रथम दोनच प्रश्न विचारावेत : ओले की वाळलेले, आणि किती?