तीन रायफली आणि एक निवड

आमलीत दरवर्षी २ ऑगस्टला मुक्तिदिन साजरा होतो. शाळेत मुले सनावळ्या पाठ म्हणतात. १७७९ चा पेशवे-पोर्तुगीज तह, १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली ते साल, २२ जुलै १९५४ ला दादरा, २ ऑगस्टला आमली म्हणजे सिल्वासा, आणि १९६१ मधले भारतातले विलीनीकरण. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी हे सारे पुष्कळ वर्षे शिकवले. पण राज्ये ज्या बंदुकांच्या आधाराने उभी राहिली आणि पडली, त्या बंदुकांकडे कधी नीट पाहिले नव्हते. ती वेळ आली २०२० मध्ये, आणि तीही घरच्याच निमित्ताने.

जव्हारकडच्या माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, तू इतिहासवाला. जरा येऊन जा. बाबांच्या बंदुकांचा निकाल लावायचाय."

प्रकरण असे होते. २०१९ च्या अखेरीस शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रे ठेवता येत, ती मर्यादा दोनवर आली. वडिलोपार्जित शस्त्रांनाही सूट नाही. जास्तीचे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. मावशीच्या घरी तीन रायफली होत्या. काकांचे वडील संस्थानी अमलात नोकरीला होते, शिकारीचा काळ त्यांनी पाहिलेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली आणि तिन्ही रायफली कपाटात गेल्या. आता एकीला निरोप द्यायचा होता. कोणत्या?

घरात तीन मते होती. मावसभावाला सर्वांत देखणी ठेवायची होती. त्याच्या मुलाला बाजारात सर्वांत मोलाची. मावशी काहीच बोलत नव्हती.

मी म्हटले, आधी बळकट कोणती ते पाहू. बाकीचे नंतर. पन्नास-शंभर वर्षांच्या बंदुकीचे पहिले मोल तिच्या बोल्टमध्ये असते. बोल्ट म्हणजे दाराची कडी समजा. काडतूस उडते तेव्हा नळीच्या मागच्या टोकाशी दर चौरस सेंटिमीटरला तीन हजार किलोच्या आसपास दाब येतो. गोळी पुढे जाते, पण तोच दाब मागेही ढकलतो, आणि मागे असतो बार काढणाऱ्याचा चेहरा. मध्ये फक्त ती कडी. म्हणून जाणकार बोल्ट उघडून तीन गोष्टी पाहतो. कडी अडकवणारे दाते कुठे आहेत? पोलाद कसे कमावले आहे? आणि काडतुसाचे पितळ फाटलेच तर तापलेला वायू कुठून बाहेर जाईल?

पहिली रायफल होती मौझर, २७५ बोअरची, नळीवर लंडनच्या बंदूकवाल्याचे नाव. जिम कॉर्बेट वाचलेल्यांना हा बोअर ठाऊक असेल. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी कॉर्बेटना रिग्बी कंपनीची याच बोअरची रायफल भेट दिली होती. नाव विलायती असले तरी तिचा बोल्ट जर्मनीच्या मौझर कारखान्याचा. जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेल्या नमुन्यात बोल्टच्या पुढच्या टोकाला, काडतुसाला लागूनच, दोन भक्कम दाते आहेत. मागे तिसरा दाता आहे. त्याच्यावर रोजचा भार नाही, पहिले दोन तुटले तरच तो कामाला येतो. वायू वळवायला बोल्टला भोके आहेत, आणि मागे रुंद कडा आहे, म्हणजे झोत डोळ्यांत जाऊ नये. पाउल मौझर यांना डोळ्यांची किंमत फार जवळून कळली. १९०१ मध्ये स्वतःच्याच एका प्रायोगिक स्वयंचलित रायफलीच्या स्फोटात त्यांचा एक डोळा गेला. तरी १८९८ ची रचना त्याआधीची आहे. आपले यंत्र कधीतरी दगा देईल, हे त्यांनी आधीच धरले होते.

दुसरी होती मान्लिखर-शोनाउअर, ऑस्ट्रियातल्या स्टायरची. देखणी हीच. बोल्ट असा सरकतो की लोण्यातून सुरी जावी. हिच्याही बोल्टला पुढे दोन दाते आहेत. पण बोल्ट ज्या पोलादी घरात फिरतो, त्या घराचा मागचा पूल वरून चिरलेला आहे, आणि त्या फटीतून बोल्टची मूठ पुढे जाऊन खाली बसते. गंमत अशी की पोर्तुगालच्या सैन्याने १९०४ मध्ये स्वीकारलेली मौझर-व्हर्गेरो रायफलही अशाच चिरलेल्या पुलाची. ती जर्मनीत बनली, पण बोल्टमध्ये बदल पोर्तुगीज अधिकारी व्हर्गेरो यांचे. पुढे १९३७ मध्ये त्याच पोर्तुगालने चिरलेल्या पुलाचा नाद सोडून सरळ १८९८ च्या घडणीची जर्मन मौझर घेतली. मान्लिखर दुबळी नव्हे. तिच्या ६.५ मिलिमीटरच्या काडतुसाला ती पुरून उरते. पण वायू वळवण्याची सोय मौझरइतकी नाही.

तिसरी आपली देशी, ३१५ बोअरची. काळा पडलेला दस्ता, नक्षी नाही, काही नाही. हिच्यामागे मात्र एक राजकीय इतिहास आहे. १८५७ च्या आठवणीने आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रज सरकार एका बाबतीत फार जपून होते : लष्कराचे काडतूस रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये. म्हणून लष्करी ३०३ बोअर नागरिकाला नाही. आजही तो निषिद्ध बोअरच आहे. मग लष्कराच्याच ली-एनफील्डचा बोल्ट घेऊन त्याला ऑस्ट्रियन लष्कराच्या ८ मिलिमीटर काडतुसाची जोड दिली. तेच आपले ३१५. जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेत बोल्टचे दाते पुढे नाहीत, मागे आहेत. बोल्ट भराभर चालतो, माती-पावसात अडत नाही. पण दाबाखाली बोल्टचा लांब दांडा किंचित दबतो आणि घर किंचित ताणते. मौझरच्या मानाने कडी मऊ. म्हणूनच १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यात हाच नमुना जास्त दाबाच्या ७.६२ काडतुसासाठी बनवायला घेतला, तेव्हा पोलाद बदलावे लागले.

मावसभावाचा मुलगा म्हणाला, "म्हणजे नाव मोठे ती बळकट, असेच ना?"

मी त्याला अमेरिकेची गोष्ट सांगितली. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याची १९०३ ची रायफल मौझरच्याच वळणावर बेतलेली, नाव मोठे. तरी १९१७ च्या सुमारास काहींची बोल्टची घरे काचेसारखी फुटली. चौकशीत कळले की भट्टीतले लोखंड किती तापले हे कारागीर रंगावरून, नजरेने ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेले लोखंड आहे त्याहून कमी लाल दिसते. म्हणून ते जास्त तापवले जाई आणि पोलाद ठिसूळ होई. १९१८ मध्ये पद्धत सुधारली. तेव्हापासून त्या कारखान्याच्या आठ लाखांखालच्या क्रमांकाची रायफल जाणकार उडवत नाही. रचना एक, नाव एक. फरक पडला तो त्या दिवशीच्या उन्हाने.

म्हणून नुसत्या नावावर आणि नमुन्यावर निकाल देऊ नये. आम्ही तिन्ही रायफली परवानाधारक बंदूक कारागिराकडे नेल्या. दात्यांच्या मुळाशी तडा आहे का, दाते आणि घर जिथे टेकतात तिथे झीज किती, बंद बोल्ट आणि काडतूस यांत फट किती, नळीत गंजाचे खड्डे आहेत का, हे सारे त्याने मापाने पाहिले. मौझर निर्दोष. ३१५ मध्ये झीज अगदी थोडी. मान्लिखरची फट मापाबाहेर गेलेली, आणि तिची काडतुसे इकडे मिळणेही कठीण.

येथे मी माझे मत दिले. बळकटी एकट्या पोलादाची मोजायची नसते. बोल्ट आणि त्याचे काडतूस, अशा जोडीची मोजायची असते. मौझर राहणारच. पण दुसरी म्हणून ३१५ ठेवावी. तिची कडी मऊ असली तरी काडतूस सौम्य आहे, आणि ते आपल्या खडकीच्या कारखान्यात बनत आले आहे. देखण्या मान्लिखरची कडी चांगली, पण आता तिच्या मापाची जोड उरलेली नाही.

मावसभावाला ते जड गेले. तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलली. "ती काळी ठेवा रे. ह्यांच्या वडिलांनी जंगलात शेवटपर्यंत तीच नेली. ती गोरी नुसती पाहुण्यांना दाखवायला होती."

मान्लिखर जमा झाली, पावती मिळाली. कपाटातला जुन्या काडतुसांचा डबाही मी परवानाधारकाकडे द्यायला लावला. जुनी दारू आणि चिरलेले पितळ यांपुढे कोणत्याही बोल्टची परीक्षा पाहू नये. राहिलेल्या दोन रायफलींतून आता बार निघणार नाही. ज्या जनावरांसाठी त्या घेतल्या, त्यांतली सांबरे, चितळे आमच्या हवेलीत सातमालियाच्या कुंपणाआड पाहायला मिळतात, आणि ते ठीकच आहे.

सीमेवरच्या आपल्या पुष्कळ घरांत असे एखादे कपाट असते. ते उघडाल तेव्हा नक्षीवर आणि नावावर भाळू नका. बोल्ट मागे ओढा, दाते पाहा, आणि जाणत्याकडून मापाने तपासून घ्या. कोणती ठेवायची ते मग ठरवा. आणि ठरवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.